ताज्या अननसाचा उलटा केक, गूळ घालून

ताज्या अननसाचा अपसाइड डाउन केक, म्हणजे चकत्या टिनच्या तळाशी रचून भाजायचा आणि मग पालथा घालायचा केक, करायचा असेल तर चकत्या आधी पॅनमध्ये परतून घ्या. एवढी एक गोष्ट सांभाळली की निम्मा केक जमला म्हणून समजा. बहुतेक कृतींमध्ये ही पायरी नसते, आणि मग लोक विचारतात की वरचा थर पचपचीत का झाला, केक खालून कच्चा का राहिला.

कृतीत ती पायरी नसण्याला कारण आहे. हा केक अमेरिकेत घरोघरी पोचला तो डबाबंद अननसाबरोबर. हवाईमध्ये जेम्स डोल यांच्या कंपनीसाठी हेन्री जिनाका या इंजिनिअरने १९११च्या सुमारास अननस सोलून, दांडा काढून एकसारखा गोल करणारं यंत्र तयार केलं. त्यानंतर एका मापाच्या चकत्या भराभर डब्यात जाऊ लागल्या. १९२५ मध्ये त्या कंपनीने अननसाच्या पाककृतींची स्पर्धा ठेवली, तेव्हा आलेल्या हजारो कृतींमध्ये सुमारे अडीच हजार या केकच्याच होत्या. डब्यातला अननस डबा बंद करतानाच शिजलेला असतो. कृती लिहिणाऱ्यांनी तो गृहीतच धरला. आपल्याकडे कुडाळच्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडाला ताजे अननस ढिगाने येतात, मग डबा कशाला फोडायचा? फक्त शिजवण्याचं काम आपल्याकडे येतं.

कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. ताज्या अननसाची दह्यातली कोशिंबीर तासाभराने कडवट लागते ती त्यामुळेच. आपल्या केकच्या मिश्रणात दही आहे, म्हणून कच्चा रस त्यात ओतून बाजूला ठेवू नका. उष्णता लागली की ब्रोमेलिन निकामी होतं. अननसाच्या शिऱ्यातही आपण अननस आधी साखरेत शिजवतो, तेव्हा ही सवय आपल्या हाताला आहेच.

फळ निवडताना बुडाकडे वास घ्या. गोड वास आला आणि बुडापासून पिवळेपणा वर चढलेला दिसला तर घ्या. झाडावरून काढल्यावर अननस मऊ होतो, पण गोड होत नाही. त्यामुळे हिरवा आणून घरी पिकवू असं मनात आणू नका. राणी जातीचा लहान, पिवळाधमक, वासाचा अननस मला या केकसाठी सगळ्यात आवडतो. क्यू जातीचा मोठा असतो आणि रस फार सोडतो, तो घेतलात तर परतायला जास्त वेळ द्या.

साल काढल्यावर डोळे तिरक्या रांगेत दिसतात. त्या रांगेच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी चालवून इंग्रजी व्हीसारखी खाच पाडत गेलं की डोळे लांबट पट्टीत निघतात आणि गर वाया जात नाही. साधारण एक सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा. पातळ केल्या तर परतताना तुटतात. मधला दांडा लहान वाटीने किंवा पेढ्याच्या साच्याने दाबून काढा. घरच्या चकत्या डब्यातल्यांसारख्या लहान नसतात, म्हणून आठ इंची टिनमध्ये सात गोल बसवण्याचा हट्ट सोडा. मध्ये एक अख्खी चकती, भोवती अर्ध्या चकत्या, कापलेली बाजू टिनच्या कडेला. हे मला सात गोलांपेक्षा देखणं वाटतं.

आता परतणं. जाड बुडाच्या पसरट पॅनमध्ये चमचाभर बटर घालून मध्यम आचेवर चकत्या एका थरात मांडा. झाकण ठेवू नका, वाफेचं पाणी परत आतच पडतं. दोन-तीन मिनिटांत रस सुटून बुडबुडे यायला लागतील. उलटा, दुसरी बाजूही तेवढीच होऊ द्या. चकतीचा पांढुरका, काचेसारखा कोरेपणा जाऊन ती गडद सोनेरी आणि लवचीक झाली की चाळणीवर काढा. खाली ताट ठेवा, कारण तो निथळलेला रस आपल्याला हवा आहे.

त्याच पॅनमध्ये उरलेला आणि निथळलेला रस एकत्र करून त्यातला दोन चमचे खळखळून उकळून बाजूला काढा, तो केकच्या मिश्रणात जाईल. बाकीच्यात ६० ग्रॅम बटर, ९० ग्रॅम बारीक चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घाला. मूळ कृतीत ब्राऊन शुगर असते. मी कोल्हापुरी पिवळा गूळ घालते आणि तोच मला जास्त पटतो. अननस आणि गूळ ही जोडी इथे कोकणात नवी नाही, अननसाच्या सासवात मोहरी आणि खोबऱ्याबरोबर गूळ असतोच. फार काळा गूळ मात्र नको, तो अननसाची चव मारतो.

पाकाकडे डोळा ठेवा. गूळ विरघळून सगळं एकजीव झालं, चमच्यावरून मधाच्या वेगाने घरंगळू लागलं की गॅस बंद. गोळीबंद पाकाकडे नेऊ नका, केक थंड झाल्यावर तो थर दाताला चिकटतो. बुडाशी बटर पेपर लावलेल्या टिनमध्ये पाक ओता, त्यावर चकत्या रचा. तळ निघणारा टिन घेऊ नका, पाक गळून ओव्हनच्या तळाशी जळतो. फटींमध्ये मी काजूच्या पाकळ्या पालथ्या ठेवते. लाल चेरी हवी तर जरूर घाला. आपल्या दुकानांत चेरी म्हणून मिळते ती बहुतेक वेळा पाकवून रंगवलेली करवंदंच असतात, म्हणजे आपल्याच रानातल्या फळाची बहीण.

केकचं मिश्रण साधं आहे. १८० ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळून घ्या. ११५ ग्रॅम मऊ बटर आणि १५० ग्रॅम साखर पांढुरकं, हलकं होईपर्यंत फेटा. दोन अंडी एकेक करून घाला, एक छोटा चमचा व्हॅनिला घाला. मग मैदा आणि अर्धी वाटी ताजं दही, म्हणजे १२० ग्रॅम, आलटून पालटून मिसळा. शेवटी तो उकळून गार केलेला दोन चमचे रस. मैदा पडल्यावर जोरात फेटू नका, मिश्रण घट्टसर राहिलं पाहिजे. पातळ झालं तर ते चकत्यांच्या खाली शिरतं आणि उलटल्यावर नक्षी दिसत नाही.

माझ्या जाऊबाई अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी तेवढ्याच मैद्याला एक कप दही, अर्धा कप बिनवासाचं तेल, वरच्याइतकीच म्हणजे १५० ग्रॅम साखर, एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा सोडा घेते. बटर आणि अंडी दोन्ही नाहीत, आणि हे मिश्रण पातळ होतं म्हणून अननसाचा रसही त्यात घालत नाही.

ओव्हन १७५ अंशांवर आधी दहा मिनिटं तापवा. टिन मधल्या जाळीवर, वरचे आणि खालचे दोन्ही रॉड चालू. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. सुई टोचून बघताना ती केकच्या थरापर्यंतच जाऊ द्या, अननसात गेली तर ओलीच निघणार.

वीज गेली तर कढई आहेच, आणि आमच्याकडे जुलैत ती जातेच. पण इथे एक अडचण असते: कढईत आच खालून येते आणि आपला गूळ बरोबर खालीच आहे. म्हणून उंच स्टँड ठेवा, त्यावर एक ताटली, तिच्यावर टिन. झाकण घट्ट, आच अगदी मंद. पन्नास मिनिटांच्या आधी झाकण काढू नका. कढईत वरून रंग येत नाही, पण तो भाग उलटल्यावर खालीच जातो, मग काळजी कसली?

बाहेर काढल्यावर बरोबर दहा मिनिटं थांबा. लगेच उलटलात तर पाक वाहून जातो, अर्धा तास गेला तर बटर थिजून चकत्या कागदाला चिकटतात. कडेने सुरी फिरवा, टिनवर सपाट ताटली दाबून धरा आणि भाताची मूद पाडतो तसं एका झटक्यात पालथं करा. टिन लगेच उचलू नका. मिनिटभर तसाच राहू द्या, पाक खाली उतरतो. एखादी चकती कागदाबरोबर वर आलीच तर काढून जागेवर बसवा, कोणाला कळत नाही.

हा केक कोमट असतानाच खावा. पावसाळी हवेत बाहेर एका दिवसापलीकडे ठेवू नका, फळाच्या ओलाव्याने बुरशी धरतो. फ्रीजमध्ये तीन दिवस चांगला राहतो, मात्र खाण्याआधी तुकडा तव्यावर झाकून थोडा गरम करा, म्हणजे गुळाचा थर पुन्हा सैल होतो. काढलेले दांडे फेकू नका. बारीक चिरून चिमूटभर मीठ आणि लाल तिखट लावून मुलांच्या पुढ्यात ठेवा, केक भाजून होईपर्यंत ती ओव्हनपाशी घुटमळणार नाहीत.