मित्रांच्या स्नोमोबिल वेगवान झाल्या आणि आपण मागे पडतोय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात होटन आणि हॅनकॉक या दोन गावांना जोडणारा लिफ्ट ब्रिज हिवाळ्यात दुमजली चालतो. वरून मोटारी, खालून स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या. मिशिगन टेक विद्यापीठात शिकायला आलो, नोकरी लागली आणि इथलाच झालो, त्याला आता बरीच वर्षं झाली. दर हिवाळ्यात आमची टोळी याच पुलापाशी जमते. मागच्या दोन मोसमांत टोळीतल्या तिघांनी गाड्या बदलल्या. दोघांनी ८५० सीसी घेतली, एकाने टर्बो. माझ्याकडे तीच जुनी ६०० सीसी टू-स्ट्रोक. पहिल्याच फेरीत प्रत्येक थांब्यावर मी पोचेपर्यंत त्यांची हेल्मेट काढून झालेली असायची. आमच्यातला इचलकरंजीचा मित्र काळजीने विचारायचा, "अरे, कुठं राहिलास? गाडी बरी आहे ना?"

त्या मोसमात मी बऱ्याच चुका केल्या आणि त्यातल्या दोन जिवावर बेतल्या असत्या. आता टोळीत नवीन येणाऱ्यांनाही याच चुका करताना पाहतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हिशेब न करता पाठलाग

६०० सीसीचा जोर साधारण १२० ते १२५ एचपी, ८५० चा १६५ च्या घरात, टर्बोचा १८० आणि त्याहून वर. आकडे ऐकून वाटतं, आता संपलंच. पण ट्रेलवर, म्हणजे स्नोमोबिलसाठी आखलेल्या बर्फाच्या वाटेवर, सरासरी काय पडते ते बघा. वळणं, चढउतार, रस्ता ओलांडायच्या जागा, समोरून येणाऱ्या गाड्या धरून चांगली टोळी ताशी ४० मैलांची सरासरी काढते. तुमची ३५ पडली, तर १० मैलांमागे तुम्ही दोन मिनिटं उशिरा पोचता. दोनच मिनिटं. तेवढ्यात मित्र गॉगल पुसतात, पाणी पितात.

ही दोन मिनिटं भरून काढायला माणूस सरळ रस्त्यावर थ्रॉटल पूर्ण दाबतो आणि वळणावर घाबरून ब्रेक मारतो. वेळ काही वाचत नाही. दमछाक होते, इंधन जास्त जातं, आणि चूक व्हायची शक्यता मात्र वाढते.

गाडी न तपासता इंजिनाला दोष

माझी सगळ्यात मोठी चूक ही. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत. मी इंजिन लहान म्हणून हळहळत होतो आणि रोग होता बेल्टमध्ये.

स्नोमोबिलला बदलायचे गिअर नसतात. पुढचा क्लच, मागचा क्लच आणि मधे रबरी बेल्ट, यांच्यावर सगळा जोर ट्रॅकपर्यंत, म्हणजे गाडीखाली फिरणाऱ्या रुंद रबरी पट्ट्यापर्यंत जातो. हा बेल्ट झिजून अरुंद झाला की क्लचच्या खाचेत खोल बसतो आणि गाडी वरचा वेग गाठतच नाही. इंजिन धडधाकट असूनही गाडी मेलेली वाटते.

आधी एक साधी तपासणी करा. लांब, मोकळ्या, सपाट पट्ट्यावर थ्रॉटल पूर्ण दाबून आरपीएम किती जातो ते पाहा. इंजिनाचा पूर्ण जोर किती आरपीएमला मिळतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बहुतेक ६०० सीसी टू-स्ट्रोकना तो आकडा ८००० च्या आसपास असतो.

काटा त्याच्या तीन-चारशे खालीच अडकत असेल तर झिजलेला बेल्ट, दमलेली क्लच स्प्रिंग किंवा जड पडणारी क्लचची वजनं, यातलं काहीतरी आहे. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टच्या पॉवर व्हॉल्व्हवर काजळी बसली तरी मधल्या वेगानंतर गाडी दबल्यासारखी होते. ते व्हॉल्व्ह काढून साफ करणं घरच्या गॅरेजमध्ये तासाभराचं काम आहे. जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशनही एकदा मोजून घ्या. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर त्या इंजिनाला पळवू नका, आधी उघडून बघा.

उलट काटा वर जातोय पण वेग वाढत नाही, तेव्हा बेल्ट घसरतोय किंवा ट्रॅक जागच्या जागी फिरतोय. हे ओळखायला मी हात वापरतो. पाचेक मैल चालवून थांबतो, इंजिन बंद करतो, किल्ली काढून खिशात टाकतो, कव्हर उघडतो आणि क्लचजवळ तळहात नेतो. कोमट असेल तर ठीक. हात टेकवत नाही इतका तापलेला असेल, जळक्या रबराचा वास येत असेल आणि कव्हरच्या आत काळी पूड साचली असेल, तर बेल्ट घसरतोय यात शंका नको. माझ्या गाडीत ती पूड बोटाने पुसली तर रेघ उमटत होती. बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजली, मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या खाली. क्लचचे पृष्ठभाग स्वच्छ केले, नवा बेल्ट टाकला, आणि तीच गाडी पुन्हा जोरात उठायला लागली. नवा बेल्ट घातल्यावर पहिले तीस-चाळीस मैल पूर्ण थ्रॉटल देऊ नका, त्याला बसायला वेळ लागतो. काढलेला बेल्ट अगदी फाटलेला नसेल तर घरी पोचण्यापुरता म्हणून गाडीत ठेवा.

ट्रॅककडेही बघा. घट्ट ताणलेला ट्रॅक वेग खातो, सैल असेल तर दातांवरून उड्या मारतो. बर्फ कमी आणि ट्रेल कडक असेल, तर खालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना बर्फाचं वंगण मिळत नाही. त्या तापून चिकटायला लागतात, कूलंटही तापतं, आणि गाडी कोणीतरी मागून ओढून धरल्यासारखी चालते. अशा दिवशी स्क्रॅचर खाली सोडा. ते टोकदार तारांसारखे असतात, कडक बर्फ खरवडून त्याचा भुगा पट्ट्यांवर उडवतात.

जोर वाढवण्याच्या नादात पकड विसरणं

आमच्यापैकी टर्बोवाला सरळ रस्त्यावर निघून जातो हे खरं. पण मी त्याच्यामागे लक्ष देऊन चालवलं तेव्हा दिसलं की खरा फरक वळणांत पडत होता. गाडीच्या पुढे वळण्यासाठी दोन स्की असतात, त्यांच्याखाली बर्फात रुतणाऱ्या कार्बाइड धातूच्या धारदार पट्ट्या. माझ्या त्या पट्ट्या गुळगुळीत झालेल्या. हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायला बघायची, म्हणून मी प्रत्येक वळणाआधी गरजेपेक्षा जास्त वेग कमी करत होतो. दिवसभरात अशी शेकडो वळणं येतात.

कार्बाइड बदलणं हा या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय आहे. ट्रॅकला स्टड, म्हणजे पकडीसाठी बसवलेले धातूचे खिळे, असतील तर कार्बाइडही त्या तोलाचे हवेत. नाहीतर मागची पकड पुढच्या पकडीला ढकलते आणि गाडी वळणाबाहेर जाते.

मग सस्पेन्शन. कंपनीतून आलेली सेटिंग कुणा एका वजनाच्या माणसासाठी असते. पूर्ण कपडे, बूट, हेल्मेट, पाठीवरची सॅक घालून गाडीवर बसा आणि मागची बाजू किती दबते ते दुसऱ्याला मोजायला सांगा. एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश दबली तर योग्य. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. मी एकदा तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि कशाने बिघडलं ते शोधण्यात अख्खा शनिवार गेला.

इथल्या ट्रेल रात्री मशीनने सपाट करतात. सकाळी त्या टेबलासारख्या असतात आणि दुपारी तीननंतर खड्ड्या-उंचवट्यांची माळ होते. त्या वेळी एचपी कुणाच्याच कामी येत नाही. सस्पेन्शन नीट असेल तर याच वेळी जुनी ६०० नव्या गाडीच्या अगदी मागे राहते.

पुढच्याच्या मागच्या दिव्याकडे बघत चालवणं

हे फार जण करतात. नजर पुढच्या गाडीला चिकटली की वळण आपण त्याच्या अंदाजाने घेतो, आणि त्याची गाडी, त्याचे कार्बाइड, त्याचा हात वेगळा असतो. शिवाय तो बर्फाची धूळ उडवत असतो, त्यात समोरून येणारा दिसत नाही. धूळ खाली बसेल इतकं अंतर सोडा. नजर वळणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, ब्रेक सरळ रेषेत असतानाच मारून घ्या, वळणात शिरल्यावर अंग आतल्या बाजूला झुकवा आणि बाहेर पडताना थ्रॉटल द्या. खडबडीत पट्ट्यावर बसून मार खाऊ नका. गुडघे वाकवून उभे राहा.

अंधार आणि गोठलेलं तळं

जिवावर बेतणाऱ्या चुका म्हणालो त्या या.

ताशी ६० मैलांवर गाडी सेकंदाला ८८ फूट जाते. समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे १३२ फूट गेले. जुन्या हॅलोजन दिव्यात तुम्हाला पुढचं २०० फूट दिसत असेल, तर थांबायला उरले ६८. एवढ्यात गाडी थांबत नाही. नव्या गाड्यांचे एलईडी दिवे लांबवर पडतात, म्हणून मित्रांचा रात्रीचा वेग तुम्हाला झेपणारा नसतो. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये रात्री ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर दिवसासुद्धा ५०. मी रात्री आणखी कमी ठेवतो. एका संध्याकाळी वळणापलीकडे हरणांचा कळप उभा होता आणि मी शेवटच्या हरणापासून हातभर अंतरावर थांबलो. तो क्षण अजून अंगावर येतो.

तळ्यावर तर मागे पडल्याची भरपाई करायचा मोह फारच होतो, कारण समोर सपाट मोकळा पट्टा असतो. स्नोमोबिलसाठी मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं ५ ते ७ इंच नव्या, स्वच्छ, टणक बर्फाचा आकडा देतं. पांढरा, बर्फवृष्टीतून थिजलेला थर असेल तर त्याहून खूप जास्त हवा. नदीचं तोंड, पुलाखालची जागा, अरुंद खाडी, जिथे पाणी वाहतं तिथे थर पातळ असतो. पुढच्या दोन गाड्या गेल्या म्हणून तिसरी जाईलच असं नाही. मी एकदा खुणा नसलेल्या बाजूने आडवं कापून मित्रांना गाठायला गेलो आणि मागे वळून पाहिलं तर माझ्या रेघेत पाणी भरत होतं. खुणा लावलेली वाट सोडू नका.

आणि थांब्यावर बिअर घेऊन पुन्हा गाडीवर बसणाऱ्याबरोबर शर्यत लावू नका. आमच्या टोळीत दारू फक्त मुक्कामाला पोचल्यावर.

गप्प राहणं

संकोचाने मी महिनाभर कुणाला काही बोललो नाही. मित्रांना वाटत होतं, मी मजेत मागून येतोय. शेवटी पास्टी (इथली मांस-बटाट्याची मोठी करंजी) खायला थांबलो होतो तेव्हा इचलकरंजीच्या मित्रालाच म्हटलं, "मला तुमच्याबरोबर राहायला फार ओढाताण होतेय." तो एवढंच म्हणाला, "मग सांगायचं की आधी! उद्यापासून तू दुसरा."

तेव्हापासून सगळ्यात संथ गाडी दुसऱ्या नंबरवर असते आणि सगळ्यात जाणता माणूस शेवटी. संथ माणूस शेवटी असेल आणि पडला तर कुणाला कळतच नाही. प्रत्येक फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं, हा नियम मोडायचा नाही. समोरून दुसरी टोळी आली तर आपल्यामागे किती गाड्या आहेत तेवढी बोटं दाखवायची, शेवटच्याने मूठ. वेगवान मित्रांना मोकळं पळायचं असेल तर पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ द्या, तिथे ते थांबतात.

जुन्या इंजिनात भर घालणं

एक्झॉस्ट पाइप, ट्यूनर वगैरेंबद्दल थोडक्यात: ६०० ची ८५० होत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत तर धोका आहे. उणे २५ अंशांत हवा दाट होते, मिश्रणात इंधन कमी पडतं, आणि मोठा मेन जेट (कार्ब्युरेटरमधली इंधन सोडणारी नळी) न टाकता लांब पळवलं तर पिस्टनला भोक पडतं. कर्कश पाइपांचं दुखणं वेगळंच. बऱ्याच ट्रेल खासगी जमिनीतून, मालकाच्या परवानगीने जातात. रात्री आवाजाने झोपमोड झाली की तो परवानगी काढून घेतो आणि ट्रेल सगळ्यांसाठी बंद होते.

घाईने नवी घेणं

घ्यायचीच असेल तर आधी मित्राशी गाडी बदलून बघा. दुपारी तीननंतर, खडबडीत ट्रेलवर, दहा मैल. तो तुमच्या गाडीवर असूनही पुढे निघून गेला तर पैसे वाचवा आणि वळणांचा सराव करा. तो मागे पडला तर गाडीत काय कमी आहे ते त्यालाच विचारा, त्याला ताजं आठवत असतं. आमच्या टर्बोवाल्याने माझी गाडी चालवून खाली उतरताच म्हटलं, "पुढचे शॉक गेलेत तुझे." मी तोवर शॉक बघितलेच नव्हते. ते दुरुस्त करून घेतले, नव्या टर्बोला लागणाऱ्या वीसेक हजार डॉलरांच्या मानाने तो खर्च काहीच नव्हता.

टोळी मोठ्या तळ्यावर वेगासाठीच जात असेल किंवा पश्चिमेच्या डोंगरात कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात, तर ६०० खरंच कमी पडते. तिथे मोठं इंजिन आणि लांब ट्रॅक लागतो. तेव्हा मार्च संपताना बघायला लागा. इथल्या ट्रेल ३१ मार्चला बंद होतात आणि त्यानंतर विकणाऱ्याला गॅरेजमधली जागा मोकळी करायची असते. जुनी गाडी घेताना बेल्टचं कव्हर उघडायला लावा, आतली पूड बघा, आणि थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.