सोलापूरच्या उन्हात गुलाबी इंग्लिश गुलाब : फुलाआधी खुंट पाहावा

हस्ताचा पाऊस ओसरून जमिनीला वाफसा आला, की ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ सोलापूर परिसरात गुलाबाच्या लागवडीस सर्वांत योग्य असतो. याच सुमारास रोपवाटिकांमध्ये भरगच्च पाकळ्यांचे, वाटीच्या घाटाचे इंग्लिश झुडुपी गुलाब विक्रीस येतात आणि रोपाला अडकवलेल्या छायाचित्रावरून निवड केली जाते. ते छायाचित्र बहुधा इंग्लंडमधील जून महिन्याचे असते. तेथे त्या महिन्यात दुपारचे तापमान २० अंशांच्या आसपास राहते, तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि काही दिवस ४३-४४ अंशांवर टेकतो. वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, जमीन बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त आणि बोअरचे पाणी जड, अशा परिस्थितीत छायाचित्रातले फूल पाहून निवड करणे म्हणजे निम्मा पैसा वाया घालवणे होय. निवडीचा क्रम उलटा असावा : आधी खुंट (म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर जातीचे कलम केलेले असते ते), मग जातीचे मूळ घराणे आणि शेवटी फुलाचे रूप.

गुलाब सोलापूरला नवा नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातील वडजी परिसरातील शेतकरी हारांसाठी आणि सुट्या फुलांसाठी गुलाब पिकवतात, त्यामुळे ही जमीन आणि हे ऊन गुलाबाला मानवत नाही असे म्हणता येत नाही. इंग्लिश गुलाबाची अडचण वेगळी आहे. डेव्हिड ऑस्टिन या पैदासकाराने युरोपातील जुन्या गॅलिका व दमास्क गुलाबांचा संकर आधुनिक फ्लोरिबंडा (झुपक्यांनी फुलणारे) आणि हायब्रिड टी (एका दांड्यावर एक मोठे फूल देणारे) गुलाबांशी करून हा वर्ग घडवला. जुन्या युरोपीय गुलाबांना हिवाळ्याची खरी थंडी लागते आणि ते बहुधा वर्षातून एकदाच फुलतात. वारंवार फुलण्याचा गुण मूळच्या चिनी गुलाबांकडून आधुनिक गुलाबांमार्फत आला आहे. म्हणून ज्या जातीत आधुनिक गुलाबाचा अंश अधिक, ती आपल्याकडे अधिक फुलते, हा निवडीचा पहिला ठोकताळा मानावा. १९६१ साली आलेली 'कॉन्स्टन्स स्प्राय' ही या वर्गाची पहिली गुलाबी जात 'बेल इसिस' हा गॅलिका आणि 'डेन्टी मेड' हा फ्लोरिबंडा यांच्या संकरातून निघाली. ती थंड प्रदेशातही वर्षातून एकदाच फुलते. नावाच्या मोहाने ती येथे लावू नये, कारण वेलासारखी वाढ, भरपूर पाने आणि फुलांची वाट, एवढेच हाती राहते.

याउलट १९८५ सालची 'अब्राहम डार्बी' दोन्ही बाजूंनी आधुनिक घराण्याची आहे. तिची वाढ जोमदार, पान जाड व चकचकीत, फूल जर्दाळूच्या छटेचे गुलाबी आणि सुवास फळासारखा असतो. निखळ गुलाबीच हवा असा ज्यांचा आग्रह आहे त्यांना तिच्यातील केशरी झाक खटकेल, तरीही या वर्गात पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने सुरुवात तिच्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. निखळ गुलाबीसाठी १९८३ ची 'मेरी रोझ' ही फांद्या दाट येणारी आणि पुन्हापुन्हा फुलणारी जात घ्यावी. तिची पाकळी मऊ आणि फूल अल्पायुषी असले, तरी एक फूल गळेपर्यंत दुसऱ्या कळ्या तयार असतात. १९९० ची 'ब्रदर कॅडफेल' मोठ्या, गोल फुलांची आणि कमी काट्यांची आहे, त्यामुळे घराच्या वाटेवर लावण्यास सोयीची ठरते. १९८४ ची 'हेरिटेज' फिकट शिंपल्यासारख्या रंगाची व अतिशय देखणी आहे, पण तिच्या पाकळ्या फार लवकर गळतात. ती डिसेंबर-जानेवारीपुरती जात समजावी. १९८६ ची 'गर्ट्रूड जेकिल' गडद गुलाबी आहे आणि तिचा सुवास जुन्या गुलाबाची आठवण करून देणारा आहे, मात्र उष्ण हवेत ती उंचच उंच जाते आणि फुले शेंड्यालाच देते. तिच्या लांब फांद्या वाकवून आडव्या बांधल्या तर प्रत्येक डोळ्यातून फूट निघते. हे काम करण्याची तयारी असेल तरच ती घ्यावी. २००२ ची 'ज्युबिली सेलिब्रेशन' आणि २००७ ची 'प्रिन्सेस अलेक्झांड्रा ऑफ केंट' या नंतरच्या जातीही मिळाल्यास लावून पाहाव्यात. ज्या नव्या जातींवर पैदासकाराचा हक्क आहे, त्यांचे डोळे (कलमासाठीच्या कळ्या) परवानगीशिवाय खुंटावर भरून विक्री करू नये.

रंगाविषयी एक गोष्ट निवडीच्या वेळीच ध्यानात घ्यावी. गुलाबी रंग देणारे रंगद्रव्य उष्ण हवेत कमी तयार होते आणि कडक उन्हात विटते. त्यामुळे जी छटा डिसेंबरमध्ये गडद दिसते तीच मार्चमध्ये साधी गुलाबी होते, आणि जी मुळातच फिकट आहे ती जवळजवळ पांढरी पडते. शिवाय फिकट पाकळीवर फुलकिड्यांनी खरवडल्याचे तपकिरी डाग आणि उन्हाची होरपळ चटकन दिसून येते. आपल्याला हवी असेल त्यापेक्षा एक छटा गडद जात घ्यावी. पाकळ्यांच्या संख्येचेही तसेच आहे. शंभरावर पाकळ्यांचे फूल उमलायला वेळ घेते, आणि मार्चच्या कोरड्या वाऱ्यात बाहेरच्या पाकळ्या आतल्या पाकळ्या सुटण्याआधीच करपतात. सकाळी सात वाजता अर्धवट उघडलेली 'मेरी रोझ' साडेअकराला पाहिली, तर बाहेरच्या पाकळीची कड कागदासारखी वाजते, हे मी अनेकदा बोटांनी तपासले आहे. मध्यम भरणीची, जाड पाकळीची फुले आपल्याकडे अधिक टिकतात.

आता खुंटाविषयी, कारण सोलापुरात अपयशाचे सर्वांत मोठे कारण तेच आहे आणि त्याची चौकशी मात्र क्वचितच होते. मल्टिफ्लोरा या खुंटावर डोळा सहज बसतो आणि वाढ झपाट्याने होते, म्हणून अनेक रोपवाटिका तोच वापरतात; पण आम्लधर्मी ते उदासीन जमिनीत उत्तम वागणारा हा खुंट, सामू (पीएच) आठच्या वर असलेल्या चुनखडीच्या जमिनीत लोह नीट उचलू शकत नाही. काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात आणलेली 'अब्राहम डार्बी'ची दोन रोपे मी दोन हातांच्या अंतरावर लावली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात एकाचे कोवळे पान शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळाधमक असे केवड्याने (लोहाच्या कमतरतेने येणाऱ्या पिवळेपणाने) ग्रासले, तर दुसरे हिरवेगार राहिले. पिवळ्या रोपाच्या बुडातून खुंटाची फूट आली तेव्हा उलगडा झाला : जवळजवळ बिनकाट्याची फांदी, फिकट हिरवी पाने आणि पानाच्या देठाच्या बुडाशी झालरीसारखी कातरलेली उपपर्णे. ही झालर मल्टिफ्लोराची खात्रीची खूण आहे. रोपवाटिकेत एखाद्या रोपाला खुंटाची फूट दिसली, तर ती नीट पाहून घ्यावी. इंडिका किंवा एडवर्ड खुंटावर डोळा भरलेले रोप मिळत असेल तर ते प्राधान्याने घ्यावे. 'अब्राहम डार्बी'सारख्या जोमदार जातीचे फाटे कलम, म्हणजे स्वतःच्या मुळावरचे रोप, हाही चांगला पर्याय आहे. त्याला पहिले वर्षभर दम धरावा लागतो, पण खुंटाच्या फुटव्यांचा त्रास कायमचा संपतो.

मल्टिफ्लोरावरचे रोप आधीच लावले असेल, तर ते उपटून टाकण्याची घाई करू नये. चुनखडीच्या जमिनीत लोह देताना ईडीडीएचए प्रकारचे चिलेट (लोह विरघळलेले ठेवणारे संयुग) मुळाशी द्यावे. ईडीटीए प्रकारचे चिलेट उच्च सामूत टिकत नाही, त्यामुळे ते मुळाशी टाकल्यास खर्च वाया जातो. तातडीचा उपाय म्हणून फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा द्यावे. घरोघरी गुलाबाच्या बुडाशी चुलीतील राख, अंड्याची टरफले आणि हाडांचा चुरा टाकण्याची सवय आहे. ती आपल्या जमिनीत बंद करावी. राखेने व टरफलांतील चुन्याने केवड्याला मदतच होते, आणि हाडांच्या चुऱ्यातील स्फुरद अल्कधर्मी मातीत झाडाला मिळत नाही.

जागा निवडताना सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारी दोननंतर विरळ सावली मिळेल अशी पूर्वेकडची बाजू घ्यावी. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत गुलाब कधीही लावू नये, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री नऊपर्यंत धग सोडते. शेतात किंवा फार्महाऊसवर पश्चिमेच्या अंगाला शेवगा किंवा हादगा लावल्यास हवी तशी झिरझिरीत सावली मिळते. रोपांमधील अंतर १.२ ते १.५ मीटर ठेवावे, कारण इंग्लंडमध्ये चार फूट वाढणारे झुडूप उष्ण प्रदेशात सहा फुटांवरही जाते.

भारी काळ्या जमिनीत दोन संकटे असतात : सप्टेंबरच्या मोठ्या पावसात मुळांशी पाणी साचते आणि मेमध्ये भेगा पडून मुळे तुटतात. त्यासाठी दीड-दोन फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा घेऊन त्यात काळ्या मातीत एक तृतीयांश बारीक मुरूम मिसळावा, पूर्ण कुजलेले शेणखत १० किलो, निंबोळी पेंड २०० ग्रॅम आणि सिंगल सुपर फॉस्फेट १०० ग्रॅम घालावे आणि वाफा आसपासच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवावा. शेणखत अर्धवट कुजलेले असेल तर हुमणी हमखास येते. इंग्लंडमध्ये थंडीपासून वाचवण्यासाठी डोळ्याची गाठ मातीखाली पुरतात. आपण ती मातीच्या वर चार-पाच सेंटिमीटर उघडी ठेवावी, अन्यथा पावसाळ्यात तेथे कूज होते.

लागवडीपूर्वी बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. पाण्यातील क्षार दाखवणारी विद्युत वाहकता १ डेसिसिमेन प्रति मीटरच्या आत असेल तर निश्चिंत राहावे. २ च्या वर गेली तर गुलाबाच्या पानांच्या कडा जळतात आणि मग कोणतीही जात उपयोगाची नसते. घरातील आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी कुंडीत ओतण्याची पद्धत काटकसरीची वाटते, परंतु त्यात मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात. कुंडीच्या काठावर जमलेला पांढरा थर नखाने खरवडून पाहिला, की मुळांशी काय साचत आहे याची कल्पना येते. पावसाचे छतावरचे पाणी साठवणे शक्य असेल तर ते गुलाबासाठी राखून ठेवावे. ठिबकवर प्रत्येक झाडास ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर बुंध्यापासून एक फूट अंतरावर द्यावेत. थंडीत दोन-तीन दिवसांआड आणि उन्हाळ्यात रोज पहाटे सुमारे तासभर चालवावेत, पण बोट दोन इंच मातीत घालून ओल तपासल्याशिवाय वेळ वाढवू नये. उसाच्या पाचटाचे तीन-चार इंची आच्छादन फेब्रुवारीच्या आत टाकावे, मात्र ते बुंध्याला चिकटू देऊ नये, कारण वाळवी तेथूनच चढते.

मुख्य छाटणी जुन्या झाडांवर ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. हायब्रिड टीप्रमाणे खोल छाटणी न करता एक तृतीयांश उंची कमी करावी, सुकलेल्या फांद्या हिरवा गाभा दिसेपर्यंत तिरक्या कापून बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप) लावावी. साधारण सहा-सात आठवड्यांत, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापासून, वर्षातील सर्वांत सुंदर फुले येतात. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा (जत्रा) भरतो तेव्हा बाग ऐन बहरात असली पाहिजे. थंड रात्री आणि उबदार दिवस यांमुळे याच काळात भुरी येते; तेव्हा पाण्यात मिसळणारे गंधक २ ग्रॅम प्रति लिटर चालते, पण पारा ३२ अंशांच्या वर गेल्यावर गंधक फवारल्यास पाने करपतात. फेब्रुवारीपासून फुलकिडे व एप्रिलपासून लाल कोळी येतात. कोळ्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय आहे.

मार्चच्या मध्यापासून झाडाकडून फुले मागू नयेत. कळी हरभऱ्याएवढी झाली की खुडावी, पान एकही काढू नये, कारण उन्हात खोडाला सावली त्याच पानांची असते. रासायनिक खत थांबवावे आणि ३५ टक्क्यांचे शेडनेट सहा-सात फूट उंचीवर, चारी बाजूंनी वारा खेळेल असे बांधावे. जून महिन्यात मृगाचे दोन चांगले पाऊस पडून साचलेले क्षार खाली गेले, की शेडनेट काढून फक्त शेंड्यांची हलकी छाटणी करावी. त्यानंतर तीन आठवड्यांत ज्या झाडाच्या बुडाकडून अंगठ्याएवढ्या जाडीचे तांबूस फुटवे उठतील, ती जात आपल्या जमिनीला मानवली असे समजावे आणि पुढच्या ऑक्टोबरची लागवड तिच्याच भरवशावर वाढवावी.