बाळाच्या लसींचा निर्णय बाळंतपणाआधी कसा घ्यावा

कोकणात पहिलटकरीण माहेरी येते, बाळाचे वडील बहुधा मुंबईत नोकरीला असतात आणि लसींचा विषय निघतो तो बाळ जन्मल्यावर, घाईगडबडीत. यकृताला सूज आणणाऱ्या हेपॅटायटिस बी या आजारावरील लसीचा पहिला डोस मात्र जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो, कारण आईला संसर्ग असल्यास विषाणू प्रसूतीच्या वेळीच बाळाकडे जाऊ शकतो, आणि नवजात वयात जडलेला हा संसर्ग दहापैकी सुमारे नऊ बाळांच्या शरीरात कायमचा राहतो. म्हणून आईवडिलांनी ही चर्चा डोहाळजेवणाच्या सुमारासच उरकावी आणि जे ठरेल ते माहेरी स्पष्ट सांगून ठेवावे. ऐन वेळी दवाखान्यात बाळ आजीच्याच मांडीवर असणार आहे.

लस द्यावी की देऊ नये, असा एकच मोठा प्रश्न घेऊन बसल्यास त्यातून भीतीखेरीज फारसे काही हाती लागत नाही. त्याऐवजी प्रत्येक लसीबाबत तीन गोष्टी विचाराव्यात: आजार झाला तर काय होते, लसीचा त्रास काय व किती दिवस होतो, आणि लस पुढे ढकलली तर मधल्या काळात बाळ कशाच्या भरवशावर राहते. डांग्या खोकल्याचे उदाहरण घ्यावे. हा आजार पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत घातक असतो; तान्ह्या बाळाला खोकल्याची उबळ येण्याऐवजी त्याचा श्वासच थांबू शकतो. त्यावरील संरक्षण ज्या पेंटाव्हॅलंट लसीत आहे, ती सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात. तिच्यामुळे एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, बाळ रडते. हे समोर ठेवले की ‘बाळ जरा अंग धरू दे, मग टोचू’ हा प्रेमापोटी दिलेला सल्ला नेमका धोक्याच्या महिन्यांत बाळाला उघडे ठेवतो, हे लक्षात येते.

गोवराबाबत घरातील वडीलधाऱ्यांशी बोलताना थोडी नाजूकता लागते, कारण ‘बाय आली’ म्हणून तो निमूटपणे सोसण्याची रीत अनेक घरांत होती. श्रद्धेवर वाद न घालता, गोवरानंतर होणारा न्यूमोनिया आणि क्वचित होणारी मेंदूची सूज यांविषयी बोलावे. प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला होता, आणि मुंबई व कोकणातले गाव यांच्यात गणपती-शिमग्याला किती अंतर उरते, हे चाकरमान्यांना सांगायला नको. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते; तोपर्यंत भोवतालच्या मुलांचे लसीकरण हाच बाळाचा आडोसा असतो.

लसीमुळे स्वमग्नता येते, हा संदेश मोबाइलवर आलाच तर त्याचे मूळ सांगता यावे. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या एका लेखातून ही भीती पसरली. तो लेख २०१० साली मागे घेण्यात आला आणि नंतरच्या मोठ्या पाहण्यांत असा संबंध आढळला नाही.

लस खरोखर थांबवावी लागते असे प्रसंगही असतात, आणि ते लपवू नयेत. आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल, किंवा बाळाची प्रतिकारशक्ती जन्मतःच गंभीररीत्या कमी असेल, तर पुढचा निर्णय बालरोगतज्ज्ञांनीच घ्यावा. साधी सर्दी किंवा बारीक ताप ही लस चुकवण्याची कारणे नव्हेत. टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. क्षयरोगावरील बीसीजी लस टोचल्याच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन तो पिकला तरी घाबरू नये आणि त्यावर काही लावू नये; तो अपेक्षितच असतो.

जूनमध्ये जन्मलेल्या बाळाचे पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस भर पावसाळ्यात येतात. लसीकरणाचा वार आशाताईंकडून आधीच विचारून घ्यावा, आणि खाडीपलीकडच्या गावाला होडी बंद पडल्यास कोणत्या उपकेंद्रात जायचे तेही ठरवून ठेवावे. वीज गेल्यामुळे लस बिघडली असेल अशी शंका आल्यास सिस्टरना कुपीवरील खूण दाखवण्यास निःसंकोच सांगावे: वर्तुळातला चौकोन भोवतालच्या रंगापेक्षा फिका असेल, तर लसीला उष्णता बाधलेली नाही.

एखादा डोस चुकला तर आधीचे वाया जात नाहीत. मालिका पुन्हा पहिल्यापासून न करता राहिलेल्या डोसापासून पुढे चालवतात. त्यासाठी माता व बाल संरक्षण कार्ड लागते, आणि ते माहेरच्या कपाटात राहून बाळ सासरी किंवा मुंबईला जाणे हा नेहमीचाच प्रकार आहे. त्याचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असावा.