जुन्या लॅपटॉपवर ओएस (विंडोज किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकताना या चुका टाळा

इन्स्टॉलेशन अडकलं की बहुतेक जण तोच पेनड्राइव्ह लावून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तसं करू नका. कुठे अडकलं आणि स्क्रीनवर काय आलं, ते आधी मोबाइलवर टिपून ठेवा. निम्मं निदान तिथेच होतं.

सगळ्यात जास्त गोंधळ बायोस आणि यूईएफआयचा. लॅपटॉप सुरू होताच आधी चालतो तो प्रोग्रॅम म्हणजे बायोस, आणि त्याच्या जागी आलेला नवा प्रोग्रॅम म्हणजे यूईएफआय. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, त्याआधीचे बरेचसे लॅपटॉप जुन्या बायोसवरच चालतात. बायोस मोडमध्ये विंडोजला एमबीआर डिस्क लागते, यूईएफआयमध्ये जीपीटी (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती). जोडी जुळली नाही की 'या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही' असा संदेश येतो आणि घाबरून लोक सगळी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) उडवतात. डेटा तिथेच जातो, म्हणून मला ही चूक सगळ्यात वाईट वाटते. त्याआधी बूट मेन्यू (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायची यादी) उघडून बघा. यूईएफआय असलेल्या लॅपटॉपवर एकच पेनड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, त्यातल्या एका नावापुढे 'यूईएफआय' असतं. डिस्क जीपीटी असेल तर तो निवडा, एमबीआर असेल तर दुसरा. लॅपटॉप निव्वळ बायोसवाला असेल, तर रुफस या प्रोग्रॅममध्ये इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवतानाच पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा.

डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्क कशी जोडायची याची सेटिंग) तपासा. तो रेडवर (RAID) असेल तर एएचसीआयवर (AHCI) आणा. मात्र आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल परस्पर करू नका, ते निळ्या स्क्रीनवर थांबू शकतं.

विंडोज ७ च्या मूळ इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर नाहीत. पेनड्राइव्ह निळ्या (यूएसबी ३.०) पोर्टमधून काढून काळ्या (यूएसबी २.०) पोर्टमध्ये लावला की अनेकदा काम होतं.

दर वेळी वेगळ्याच टक्क्याला बंद पडतंय? मग रॅमवर संशय घ्या. मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची एक पूर्ण फेरी होऊ द्या, एकही एरर आली तर एकेक रॅम काढून तपासा. दर वेळी त्याच जागी अडकत असेल तर बहुधा आयएसओ फाइल (जिच्यापासून पेनड्राइव्ह बनवतात ती) अर्धवट उतरलेली असते किंवा हार्डडिस्कवर बॅड सेक्टर (खराब झालेले भाग) असतात. फाइलचं एसएचए-२५६ चेकसम (फाइल नीट उतरली का ते ओळखायचा कोड) जुळवायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या.

लिनक्स टाकताना स्क्रीन काळी पडली तर बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' (nomodeset) हा पर्याय इंग्रजीत जोडा. आणि घड्याळही बघा: सीमॉसचा सेल (लॅपटॉप बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा) संपून तारीख मागे गेली असेल, तर इंटरनेट चालू असूनही अपडेट उतरत नाहीत.