नवी गाडी हाताखाली यायची तर पहिले हजार किलोमीटर काय करायचं

आपल्या कोल्हापुरात शोरूममधनं नवी मोटारसायकल काढली, अंबाबाईला जाऊन हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, गल्लीत पेढे वाटले, इथपर्यंत सगळ्यांचं झकास जमतंय. पुढचं कोण सांगत नाही. मी दहा वर्षं शंभर सीसीची गाडी मारलेला माणूस, त्यावरनं एकदम जड गाडी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी आपल्याच गल्लीत आडवा झालो. स्पीड म्हणशील तर चालत्या माणसाएवढा. हँडल पूर्ण वळलेलं, समोर मांजर आलं, सवयीनं पुढचा ब्रेक दाबला, झालं. शेजारच्या काकू धावत आल्या आणि पहिला प्रश्न काय, तर "गाडीला काय झालं का रे?"

तर भावा पहिली गोष्ट हीच, हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. यू टर्न मारताना, पार्किंगमधनं काढताना हाफ क्लच म्हणजे क्लच अर्धाच दाबलेला, पायाचा ब्रेक हलका दाबलेला, आणि नजर जिकडं जायचंय तिकडं, चाकाकडं नाही. चाकाकडं बघितलंस की गाडी तिथंच पडती, हे मी अनुभवानं सांगतोय.

क्लच कुठं पकडतोय ते आधी हाताला कळू दे. रविवारी सकाळी लवकर विद्यापीठाच्या बाजूला मोकळा रोड बघ, पहिला गिअर टाक, रेस अजिबात द्यायची नाही, क्लच मुंगीच्या चालीनं सोडत जा. एका जागी गाडी जराशी पुढं ओढल्यागत होती, इंजिनाचा आवाज थोडा बसतो, तीच जागा. तिथं बोटं थांबव, परत दाब, परत सोड. वीस-पंचवीस वेळा कर, लाजू नको, फिरायला आलेले आजोबा बघतील तर बघू देत. मग टेंबलाईच्या टेकडीच्या चढावर तेच करायचं, पायाच्या ब्रेकवर गाडी धरायची, क्लच त्या जागेवर आणायचा, थोडी रेस, ब्रेक सोडायचा. हे जमलं की कावळा नाक्याच्या सिग्नलला मागचा कितीबी हॉर्न वाजवू दे, गाडी बंद पडत नाही. महाद्वार रोडला मात्र पहिल्या आठवड्यात जाऊच नको, गर्दीत क्लच दाबून दाबून मनगट जातंय आणि शिकायला काय मिळत नाही.

आता रनिंगचं, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवून बसवायचं. आपल्याकडं प्रत्येक कट्ट्यावर एक तज्ज्ञ असतोय, तो म्हणणार "चाळीसच्या वर न्यायची न्हाई". अर्धं खरं आहे. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांवर घासून नीट बसायच्या असतात, त्यासाठी इंजिनावर भार कमी-जास्त होत राहायला पाहिजे. म्हणजे हायवेला एकाच स्पीडला तासभर धरून ठेवणंबी वाईट आणि चाळीसलाच पाचवा गिअर टाकून इंजिन कण्हत नेणं त्याहून वाईट. गिअर बदलत राहा, रेस कमी-जास्त कर, मूठ पूर्ण पिळू नको, गाडीबरोबरच्या पुस्तकात आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किंवा स्पीडची मर्यादा दिलेली असती ती पाळ. ते पुस्तक डिकीत कोंबून ठेवायला दिलेलं नाही. सकाळी चालू करून दहा मिनिटं घुरघुरत ठेवायचीबी गरज नाही, अर्धा-एक मिनिट बास, मग हळू काढ.

टायरबी नवे असतात, त्यांचा वरचा थर गुळगुळीत असतोय, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी झोपवायची हौस नको. नव्या ब्रेकलाबी पकड यायला जरा वेळ लागतो. हवा गाडी थंड असताना तपास. शोरूमनं बरोबर भरली असेलच असं धरून चालू नको.

ब्रेक लावायला शिकायचं असतं हे कुणाला पटत नाही. सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, पण ते काम करायला लागलं की लिव्हर किंवा पेडल टकटक करतंय आणि नवा माणूस घाबरून ब्रेकच सोडतोय. म्हणून कोरड्या सरळ मोकळ्या रोडवर, मागं कोण नाही बघून, तीसच्या स्पीडला दोन्ही ब्रेक दाबून बघ. आधी हलके, मग जोर वाढवत. गाडी थांबवायचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतोय, फक्त हँडल सरळ पाहिजे.

ऊसतोड चालू असेल तर अजून एक. फुलेवाडीच्या पुढं रोडवर उसाच्या कांड्या, वाडं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा-पाला पडलेलं असतंय, त्यावर ब्रेक मारलास की घसरलासच. रात्री डबल ट्रॉलीच्या मागं तर चिकटूच नको, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाईट नसती.

पहिली सर्व्हिसिंग चुकवू नको, साधारण पाचशे ते हजार किलोमीटरला असती. घासून निघालेली धातूची बारीक पूड त्या ऑइलमध्ये असती, ती बाहेर पडली पाहिजे. हँडल, ब्रेक पेडल, क्लचचा ढिलेपणा आपल्या हातापायाला जुळत नसेल तर तिथंच सांग, फुकटात बसवून देतात, पण मागितल्याशिवाय कोण करत नाही.

मग पहिली पन्हाळा ट्रिप. वीसेक किलोमीटर, झुणका-भाकर खाऊन परत. उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळला रोज दिसतात, तसलं करू नको. ज्या गिअरला चढलास जवळपास त्याच गिअरला उतर, इंजिनच गाडी आवरून धरतंय, ब्रेक तापत नाहीत. घरी आल्यावर चेन कोमट असतानाच स्प्रे मार, पण इंजिन बंद करून, चाक हातानं फिरवत. गिअर टाकून चेन फिरवत फडकं धरणाऱ्या माझ्या एका मित्राच्या बोटाला सहा टाके पडलेत.