गाडीला व्हील स्पेसर बसवताना: मापं, आटे आणि नट

मडगार्डच्या आत दबलेलं चाक बाहेरच्या रेषेत आणायचं, किंवा रुंद अलॉय आतून शॉकअपला घासत असेल तर ते सोडवायचं, या दोन कामांसाठी स्पेसर लावतात. हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि चाक यांच्यामध्ये बसणारी ही ॲल्युमिनियमची चकती दिसायला साधी, पण चाक धरून ठेवणाऱ्या जोडात ती एक सांधा वाढवते. म्हणून तिची निवड डोळ्यांनी नाही, मोजून करायची.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसला ॲक्सेसरीच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "कितीचा देऊ?" त्याचं उत्तर घरून नेलेलं असावं. अलॉय अजून घ्यायचेच असतील तर मात्र स्पेसर विसरा आणि योग्य ऑफसेटचे अलॉय घ्या (ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या पाठीपर्यंतचं अंतर). स्पेसर हा आधीच घेतलेल्या चाकांवरचा उपाय आहे.

जागा किती आहे

अलॉयच्या मागच्या बाजूला ऑफसेट कोरलेला असतो, उदाहरणार्थ ईटी ४५, म्हणजे ४५ मिमी. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. त्यामागे १५ मिमीचा स्पेसर घातला की ते चाक ईटी ३० सारखं बसतं. रुंदीही बदलली असेल तर हिशोब दोन्ही बाजूंचा करावा लागतो. समजा कंपनीचं चाक ६जे (६ इंच रुंद) ईटी ४५ आहे आणि नवीन ७जे ईटी ४०. एक इंच रुंदी वाढली म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी, आणि ऑफसेट ५ ने घटला. त्यामुळे बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर येते, आतली ७.७ मिमी आत जाते. शॉकअपपाशी तेवढी जागा नसेल तर ५ मिमीचा स्पेसर आतला आकडा २.७ वर आणतो, पण बाहेरचा २२.७ होतो. आतली अडचण सोडवताना बाहेर अडचण उभी राहते का, हे इथेच कागदावर कळतं.

बाहेरची जागा मोजायला गाडी सपाट जमिनीवर उभी करा. आर्चच्या (चाकावरच्या मडगार्डच्या कमानीच्या) वरच्या मध्यावर चिकटपट्टीने दोरा लावा आणि खाली एक नट बांधून ओळंबा करा. दोऱ्यापासून टायरच्या वरच्या भागातल्या सर्वांत फुगीर जागेपर्यंतचं अंतर मोजा. चारही चाकांचं वेगळं मोजा, कारण डाव्या-उजव्यात काही मिलिमीटरचा फरक निघणं नेहमीचं आहे, आणि कमीत कमी जागा असलेल्या बाजूचा आकडा धरायचा. त्यातले किमान ५ मिमी मोकळे सोडा.

उभ्या गाडीचं माप मात्र अर्धंच. चौघं बसले, डिकी भरली आणि गाडी पेव्हर ब्लॉकच्या खचलेल्या पट्ट्यावर आदळली की चाक बरंच वर जातं. तपासायला मुलांच्या खेळण्यातली चिकट माती घ्या. आर्चच्या आतल्या कडेवर, प्लॅस्टिकच्या लायनरवर आणि बंपर जिथे आर्चला स्क्रूने धरलेला असतो तिथे तिचे छोटे गोळे चिकटवा. त्या स्क्रूचं डोकं टायर कापतं, आणि लोक तिथेच बघत नाहीत. मग हव्या त्या ऑफसेटची चाकं, किंवा नीट बसवलेला स्पेसर, लावून भरलेली गाडी गतिरोधकावरून हळू न्या, पुढचं चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून रिव्हर्सही घ्या. मातीवर टायरचा ठसा उमटला तर जाडी कमी करायची. आर्चची कड ठोकून वाकवून देणारे भेटतील, पण तिथला रंग तडकला की मुंबईच्या हवेत गंज वर्षभरही थांबत नाही.

आटे मोजा

स्पेसर जितका जाड, तितका नटच्या आत जाणारा स्टड (हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा) कमी. नियम सोपा आहे: स्टडचा जितका व्यास, किमान तितकी लांबी नटमध्ये हवी. १२ मिमीच्या स्टडवर १२ मिमी. दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी असेल तर हे ८ फेरे, १.२५ असेल तर जवळजवळ १० फेरे.

मोजणं हातानेच होतं. स्पेसर न घालता चाक लावा, नट पहिल्या आट्यात पकडल्यापासून बसेपर्यंत हाताने किती फेरे फिरतो ते मोजा. समजा १.५ च्या आट्यावर १० फेरे आले. ५ मिमीचा स्पेसर त्यातले ३.३ फेरे खातो, उरले ६.७. हे पुरेसं नाही, लांब स्टड बसवावे लागतील. लांब स्टडवर कंपनीचे टोपीसारखे बंद नट लावू नका. स्टडचं टोक नटच्या तळाला आधी टेकतं, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चाक प्रत्यक्षात दाबलेलंच नसतं. आरपार उघडे नट घ्या.

याच्या मागचं कारण समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात. गाडीचं वजन स्टडच्या दांड्यावर लोंबकळत नसतं. नट चाकाला हबवर इतकं दाबून धरतात की त्या दोन पृष्ठभागांतलं घर्षणच भार पेलतं, स्टड फक्त ताणलेला राहतो. दाब कमी झाला की चाक सूक्ष्म हलायला लागतं, प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो आणि थकून तुटतो. एक तुटला की बाकीच्यांवरचा भार वाढतो.

जाडीप्रमाणे प्रकार

३ ते ५ मिमीच्या सपाट चकत्या हबवर सरकवायच्या असतात. हबच्या मध्यावर चाक केंद्रात धरणारी गोल कड असते. तिची उंची व्हर्नियरने मोजा. ती ९ मिमी असेल तर ५ मिमीचा स्पेसर लावून ४ उरतात, आणि चाकाच्या बोअरला (मधल्या भोकाला) तोंडाशी उतार असेल तर प्रत्यक्ष पकड त्याहून कमी. ८ ते १० मिमीचा सपाट स्पेसर ही कड जवळपास गिळूनच टाकतो, चाक केवळ नटच्या भरवशावर केंद्रात राहतं. हा टप्पा सर्वांत वाईट. या जाडीत पुढच्या बाजूला स्वतःची कड असलेला स्पेसर मिळत नसेल तर जाडी बदला, तडजोड करू नका.

१२-१५ मिमीपासून स्वतःची कड असलेले स्पेसर मिळतात, त्यांना लांब स्टड किंवा लांब बोल्ट लागतो. २० मिमी आणि पुढे स्वतःचे स्टड असलेला प्रकार येतो: तो आधी हबला नटांनी बसतो, मग चाक त्याच्या स्टडवर. इथे गाडीचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील तर अलॉयच्या पाठीला त्यांच्यासाठी खाचा हव्यात. खाचा नसतील तर चाक त्या टोकांवर टेकतं. दुकानातला माणूस ग्राइंडर काढेल. मूळ स्टड कापू देऊ नका, जास्त जाडीचा स्पेसर बघा किंवा विचार सोडा. एकावर एक दोन स्पेसर कधीच नाहीत.

पुढच्या चाकांना जाडी कमीच ठेवा. चाक बाहेर गेलं की ते स्टिअरिंगच्या अक्षापासून लांब जातं, मग खड्ड्याचा झटका थेट हातात येतो आणि एका बाजूचं चाक पाण्यात गेलं की गाडी तिकडे ओढते. दिसण्यासाठीच लावायचे असतील तर फक्त मागे लावणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं. बेअरिंगवरचा भार मात्र सगळीकडे वाढतो.

विकत घेताना

पीसीडी, म्हणजे स्टडची संख्या आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नाही. २०११ नंतरची स्विफ्ट आणि आय२०, दोन्हींचा पीसीडी ४×१०० आणि बोअर ५४.१ मिमी. पण सुझुकीचा आटा १२×१.२५ (स्टडचा व्यास × आट्यांमधलं अंतर), ह्युंदाईचा १२×१.५. एकाचा नट दुसऱ्याच्या स्टडवर एक-दोन फेरे चढतो आणि अडकतो, तिथे नट आवळायची हवेची गन लावली की आटे गेले. होंडा सिटीचा पीसीडीही ४×१००, पण बोअर ५६.१. पोलोला ५×१००, बोअर ५७.१ आणि स्टडऐवजी १४×१.५ चे बोल्ट. "सगळ्यांना बसतो" म्हणून मिळणारा ७३.१ बोअरचा स्पेसर यातल्या एकाही हबवर केंद्रात बसत नाही, ८०-९० च्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि दोष बॅलन्सिंगवर जातो.

नटची बैठक, म्हणजे चाकावर टेकणारा त्याचा भाग, तोही बघा. होंडाच्या मूळ नटांची बैठक गोल असते, बाजारातल्या बहुतेक अलॉयची ६० अंशांच्या शंकूची. गोल नट शंकूत फक्त एका रेषेवर टेकतो आणि सैल होतो.

धातू ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे दर्जे), घडीव किंवा सळईतून कापलेला. ओतीव नको. स्टडच्या डोक्यावर १०.९ हा ताकदीचा दर्जा कोरलेला असावा. काचेवर ठेवून चकती डुगडुगते का तेही पाहा.

बसवणं

हबचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत काढा. ब्रेक डिस्क धरणारा छोटा स्क्रू हबच्या वर आलेला असेल तर स्पेसरला तिथे खाच हवी. तांदळाएवढा गंजाचा पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं. हबच्या कडेला अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्या, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी हबला ॲल्युमिनियम धरून बसतं. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. टॉर्कचे (नट आवळायच्या पिळाचे) आकडे कोरड्या आट्यांचे असतात, तेल लागलं की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो.

सगळे नट आधी हाताने चढवा. मग समोरासमोर, दोन टप्प्यांत: आधी अंदाजे ५० न्यूटन मीटर, मग पूर्ण. पूर्ण आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. होंडा सिटीला १०८, पोलोला १२०. टायरवाल्याला हवेची गन बाजूला ठेवायला सांगा आणि टॉर्क रेंच नसेल तर स्वतःचा न्या.

५० ते १०० किमीनंतर पुन्हा टॉर्क तपासा. नवीन पृष्ठभाग आणि त्यांवरचा रंग दबतो, नट सैल होतात. स्वतःचे स्टड असलेल्या प्रकारात आतले नट चाक काढल्याशिवाय दिसतच नाहीत, म्हणून चाक काढूनच तपासा. हे होईपर्यंत एक्स्प्रेसवेवर जाऊ नका. नंतर दर ५,००० किमीला, आणि पावसाळा संपल्यावर एकदा चाक व स्पेसर उतरवून साफ करा. वळणावर बदलणारी घरघर ऐकू आली तर बेअरिंग गेलं. सबवेच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत ती लवकर येते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत आणि कलम १८२अ(४) मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. टायर आर्चच्या बाहेर आला की पोलिसांच्या नजरेत भरतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

स्टेपनीचा विचार लावतानाच करा. पोलोसारख्या गाडीत लांब बोल्ट लावले असतील तर स्पेसरशिवाय स्टेपनीला तेच बोल्ट घालू नका, मागच्या ड्रममध्ये ते आतल्या भागांवर जाऊन टेकतात. मूळ बोल्टांचा एक संच डिकीत ठेवा. जाड स्पेसर हबवर ठेवूनच लोखंडी स्टेपनी लावायची असेल तर ती घरी एकदा लावून बघा, तिच्या सपाट पाठीला खाचा नसतात. स्पेसर काढावा लागणार असेल तर आतल्या नटांपर्यंत पोचणारा पातळ भिंतीचा सॉकेट जॅकसोबतच असू द्या.