जीपीएक्स फाइलीत ‘शून्य बिंदू’ सापडले? आधी नेमस्पेस बघा

ट्रेकहून आल्यावर घड्याळातली जीपीएक्स फाइल (वाटेतल्या बिंदूंची एक्सएमएलमधली नोंद) काढायची, पायथनच्या चार ओळी लिहायच्या आणि एकूण किती चढलो ते मोजायचं, एवढाच बेत होता. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर ‘टीआरकेपीटी’ (वाटेवरचा एकेक बिंदू) या टॅगांची रांगच रांग. प्रोग्रॅमला बिंदू किती ते विचारलं, तर उत्तर शून्य. एररही नाही! एक्सएमएलशी नव्याने झटापट करणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते.

१. सर्वांत बाहेरचा टॅग नीट वाचा. त्यात ‘एक्सएमएलएनएस’ असं अॅट्रिब्यूट (टॅगाच्या कंसातच लिहिलेली जोडमाहिती) दिसेल (फाइलीत अर्थातच रोमन लिपीत) आणि त्यापुढे वेबपत्त्यासारखं काहीतरी, शेवटी ‘जीपीएक्स/१/१’. हाच नेमस्पेस. त्या टॅगाच्या पोटात येणारे, प्रीफिक्स (नावाआधी कोलन लावून येणारा तुकडा) नसलेले सगळे टॅग या पत्त्याच्या मालकीचे. मध्येच कुणी नवी घोषणा केली नाही तोवर. म्हणजे टॅगाचं खरं नाव नुसतं ‘टीआरकेपीटी’ नाही, तर पत्ता अधिक ‘टीआरकेपीटी’. तुम्ही अर्ध्या नावाने हाक मारलीत, म्हणून कुणी ‘ओ’ दिली नाही.

हा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून बघण्याचा मोह होतो. उघडा हवं तर, पण पार्सर (फाइल वाचून टॅग सुटे करणारा प्रोग्रॅम) तिथे कधीच जात नाही. नेट बंद असलं तरी त्याचं काही अडत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी १९९९ मध्ये हा नियम आणला, तेव्हा ओळख म्हणून असे पत्ते निवडले. डोमेनला मालक असतो, त्यामुळे दोघांची नावं एकमेकांवर आदळत नाहीत. तुलना मात्र अक्षरन् अक्षर होते. जुन्या जीपीएक्स १.० चा पत्ता ‘१/०’ने संपतो. एका आकड्याचा फरक, पण पार्सरच्या लेखी दोन्ही परके.

२. प्रीफिक्सवर भिस्त ठेवू नका. हृदयाचे ठोके जीपीएक्सच्या मूळ आराखड्यात नाहीत, म्हणून ते गार्मिन या घड्याळ कंपनीच्या नेमस्पेसमधून येतात. एका फाइलीत ते ‘एनएस३:एचआर’ असतात, दुसरीत ‘जीपीएक्सटीपीएक्स:एचआर’. दोन्ही एकच. माझ्या फोनमध्ये ‘सुनील प्लंबर’ असतो, तुमच्या फोनमध्ये ‘सुनील नळवाला’. नंबर तोच, तर माणूसही तोच. प्रीफिक्स म्हणजे सेव्ह केलेलं नाव आणि पत्ता म्हणजे नंबर. त्यामुळे कोडमध्ये ‘एनएस३’ हा मजकूर शोधत बसलात, तर पुढची फाइल आली की कोड झोपला.

३. कोडमध्ये पूर्ण नाव द्या. पायथनच्या एलिमेंटट्री या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीमध्ये पत्ता महिरपी कंसात लिहून त्याला चिकटून टॅगाचं नाव लिहायचं. दरवेळी एवढं लांबलचक लिहायचा कंटाळा येतो, म्हणून एक डिक्शनरी करा: की ‘जी’, व्हॅल्यू तो पत्ता. मग ‘जी:टीआरकेपीटी’ असं शोधा. फाइलीत ‘जी’ कुठेच नाही, तरी चालतं; हे तुमच्या फोनमधलं नाव आहे. पायथन ३.८ पासून महिरपी कंसात नुसता तारा टाकून ‘कुठलाही नेमस्पेस’ असंही म्हणता येतं. घाईच्या कामाला ठीक, पण कायमच्या कोडमध्ये मी ते टाळतो.

एक्सपाथ १.० (एक्सएमएलमध्ये टॅग शोधायची भाषा) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: तिथे प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे ‘कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं’. फाइलीतली डिफॉल्ट घोषणा त्याला लागू होत नाही.

४. अॅट्रिब्यूटला ही भानगड लावू नका. डिफॉल्ट नेमस्पेस फक्त टॅगांना लागतो. अक्षांश-रेखांश म्हणजे ‘लॅट’ आणि ‘लॉन’ ही अॅट्रिब्यूट आहेत, ती साध्या नावानेच वाचा. पत्ता जोडलात तर हाती काहीच लागणार नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र ‘ईएलई’ या टॅगात असते, तिला पूर्ण नाव हवंच.

५. सेव्ह करण्याआधी नेमस्पेस नोंदवा. काही न सांगता फाइल लिहिली, तर एलिमेंटट्री प्रत्येक टॅगापुढे ‘एनएस०:’ लावून ठेवतो. व्याकरणाने ते अगदी बरोबर असतं, पण घाईत लिहिलेली काही अॅप्स ते बघून गांगरतात. लिहिण्यापूर्वी ‘रजिस्टर नेमस्पेस’ या फंक्शनला रिकामा प्रीफिक्स आणि जीपीएक्सचा पत्ता द्या, म्हणजे टॅग पूर्वीसारखे सुटसुटीत येतील.